संध्याचं वजन शेवटीही तेवढंच राहतं: 'दम लगा के हईशा' पुन्हा पाहताना

गंधाली (शनिवार, रात्री १०:४०)

काल आईबरोबर 'दम लगा के हईशा' पुन्हा पाहिला. २०१५ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा थिएटरात पाहिला होता आणि तेव्हा मला ती नायकाची, प्रेम नावाच्या मुलाची गोष्ट वाटली होती. दहावीला इंग्रजीत अडकलेला, कॅसेटच्या दुकानात कुमार सानूच्या गाण्यांत बुडालेला मुलगा, घरच्यांच्या रेट्याने जाड मुलीशी लग्न करतो आणि हळूहळू तिच्यावर प्रेम करायला शिकतो. काल जाणवलं की दहा वर्षांपूर्वी मी चुकीच्या माणसाकडे बघत बसले होते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढे कथा उघड होते, नको असेल तर इथेच थांबा). साल १९९५, गाव हरिद्वार. संध्या बी.एड. झालेली, अंगाने भरलेली. प्रेमच्या घरच्यांचा हिशेब सरळ: सून शिक्षिका होईल, पगार घरात येईल. सामुदायिक विवाहात लग्न लागतं. प्रेमला तिच्याबरोबर रस्त्यावरून चालायचीसुद्धा लाज वाटते. पुढे मित्राच्या लग्नात दारूच्या नशेत तो चारचौघांत बायकोबद्दल इतकं घाण बोलतो की संध्या सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत देते. तोही तिला मारतो. ती घर सोडते, घटस्फोटाचा अर्ज करते, न्यायाधीश सहा महिने एकत्र राहायला सांगतात. शेवटी नवऱ्याने बायकोला पाठीवर घेऊन धावायची शर्यत.

आता मला जे म्हणायचंय ते. अशा सिनेमांत साधारणपणे नायिका बदलते. चष्मा जातो, केस मोकळे सुटतात, चार गाण्यांत वजन उतरतं, आणि मग नायकाचे डोळे उघडतात. इथे संध्या पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत तीच आहे. तेच शरीर, तोच आवाज, तसंच तोंडावर बोलणं. तिला स्वतःची किंमत नव्याने कळत नाही, ती तिला आधीपासूनच माहीत आहे. नवरा जवळ येत नाही म्हटल्यावर ती अंधारात रडत बसत नाही, दुकानात जाऊन स्वतःसाठी झोपताना घालायचे सुंदर कपडे विकत घेते. जाड बाईला इच्छा असते आणि ती पुढाकार घेऊ शकते, हे हिंदी सिनेमाने खिल्ली न उडवता दाखवलेलं मला तरी दुसरं आठवत नाही.

त्या थोबाडीत मारण्याचं खूप कौतुक झालं. मला ते तितकं महत्त्वाचं वाटत नाही. दोघांनीही हात उचलला ते वाईटच. महत्त्वाची आहे ती त्यानंतर भरलेली बॅग. अपमान झाला, मारही बसला, आणि 'होतं असं संसारात' म्हणायची वाट तिने पाहिली नाही.

माझ्यासाठी २००८ ते २०१२ अशी चार वर्षं स्थळं बघणं चाललं होतं. पेपरातल्या जाहिरातीत 'सडपातळ' हा शब्द दिसला की बाबा पेन्सिलीने ती जाहिरात खोडायचे. एका कार्यक्रमात मुलाच्या मावशीने पोह्यांची डिश हातात घेऊन विचारलं, "थायरॉईड वगैरे तपासलंय का?" आई घाईघाईने म्हणाली, "नाही हो, आमच्याकडे सगळ्या अशाच." मी तोंडातून शब्द काढला नाही. माझंही बी.एड. झालेलं होतं, नोकरी होती, आणि तरी त्या खोलीत मी मान खाली घालून बसले होते.

काल सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "कार्यक्रम ठरला की आधीचे पंधरा दिवस मी तुला दोनच पोळ्या वाढायचे. आठवतं का तुला?" आठवतं. तिलाही आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं, सविस्तर लिहा.

अश्विनी_नाशिक (शनिवार, रात्री ११:१५)

गंधाली, पोळ्यांचं वाचून पोटात तुटलं. आमच्या घरी भात बंद व्हायचा.

चष्मा काढल्यावर सुंदर होणाऱ्या नायिकांबद्दल अगदी सहमत. मी दहावीपासून चष्मा लावते आणि कॉलेजात जाईपर्यंत मला खरंच वाटायचं की माझी गोष्ट चष्मा निघाल्यावर सुरू होणार.

टेपवाला (रविवार, सकाळी ७:०५)

ताई, लेख फार आवडला. हा सिनेमा माझ्या धंद्याचा आहे म्हणून चार ओळी.

१९९१ पासून २००३ पर्यंत सोलापुरात माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचं, आम्ही ६० किंवा ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती भरायचो. ९० ची टेप पातळ असायची, गुंतली की पेन्सिल घालून फिरवत बसायचं. कुमार सानूंचं म्हणाल तर त्या काळात दुसरा आवाज चालतच नव्हता. सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं त्यांना. त्या सिनेमात ते स्वतः पडद्यावर दिसले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

सगळ्यात खरा प्रसंग म्हणजे नवराबायको भांडल्यावर एकामागून एक कॅसेट लावून एकमेकांना उत्तरं देतात तो. तोंडाने एक शब्द नाही. असे लोक माझ्या दुकानात येत. एक बाई दर महिन्याला यादी आणायच्या, सगळी रुसव्याची गाणी. पुढच्या आठवड्यात त्यांचे मिस्टर यायचे, मनधरणीची यादी घेऊन. दोघांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

पण मला लिहायचंय ते प्रेमबद्दल. त्याचं दुकान बसत चाललंय, सीडी आली आहे. परीक्षा सुटलेली नाही. बापासमोर तोंड वर करून बोलता येत नाही. अशा माणसाला घरात शिकलेली, स्पष्ट बोलणारी बायको आली की तिच्यात काहीतरी खोट सापडावीच लागते. तिचं वजन त्याला आयतं सापडलं. ती सडपातळ असती तर त्याने दुसरं काही शोधलं असतं. हे मी ठामपणे सांगतो, कारण २००२ साली दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं येत होती तेव्हा मी घरी जेवणात मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलेलं आहे. मीठ बरोबर होतं.

अश्विनी_नाशिक (रविवार, सकाळी ८:३०)

काका, शेवटची दोन वाक्यं वाचून मी दहा मिनिटं तशीच बसून होते. लिहीत जा तुम्ही.

विक्रांत_के (रविवार, दुपारी १२:२०)

धागा चांगला आहे, पण मी असहमत आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

संध्याला स्वतःची किंमत माहीत असेल तर ती परत का जाते? नवऱ्याने मित्रांसमोर तिच्या शरीराची विटंबना केली, वर हात उचलला. त्याच्या बदल्यात त्याने काय केलं? तिला पाठीवर घेऊन शर्यत जिंकली. म्हणजे बाईची किंमत किती, तर पुरुषाच्या पाठीला पेलवेल तितकी. सगळं गाव टाळ्या वाजवतं त्या त्याच्यासाठी वाजवतं. बायको बिचारी पाठीवर बसून आहे.

'क्वीन' एक वर्ष आधी आला होता, २०१४ ला. राजौरी गार्डनच्या राणीला तो मुलगा लग्नाच्या दोन दिवस आधी नकार देतो, ती एकटी पॅरिस आणि ॲमस्टरडॅमला जाऊन येते, आणि परत आल्यावर तो मागे लागतो तेव्हा त्याची अंगठी परत देऊन, आभार मानून चालायला लागते. स्वाभिमान म्हणतात तो हा. 'इंग्लिश विंग्लिश'मधली शशी गोडबोले संसारात परत जाते हे खरं, पण आधी भर लग्नात उभी राहून सगळ्यांना सुनावते तरी. संध्याच्या वाट्याला तेवढंही नाही. अपमान चारचौघांत झाला होता. त्याची भरपाई शब्दांत, चारचौघांत व्हायला हवी होती.

माझ्या बहिणीने दोन वेळा समेट केला. दोन्ही वेळा आम्हीच तिला समजावून पाठवली. त्यामुळे शेवट गोड झाला की मला आनंद होत नाही, भीती वाटते.

गंधाली (रविवार, दुपारी ३:००)

विक्रांत, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. शब्दांतली माफी मलाही कमी पडली.

पण परत जाणं आणि परत जाणं यात फरक आहे. संध्या शर्यतीत उतरते तेव्हा तिच्यापुढे दोन रस्ते उघडे आहेत. दुसऱ्या शहरात शिक्षिकेची नोकरी मिळालेली आहे, घटस्फोटाची मुदत संपत आली आहे. ती गेली असती तर उपाशी मरणार नव्हती. जिला जाता येत नाही तिने थांबणं आणि जिला जाता येतं तिने थांबणं ही मला एक गोष्ट वाटत नाही. त्याच घरात प्रेमची आत्या आहे, नवऱ्याने टाकलेली, भावाच्या आश्रयाला राहिलेली. दिवसभर टोचून बोलते, पण तिच्याकडे पाहिलं की कळतं, तिला कधी कुणी दोन रस्ते दिलेच नव्हते.

शशीबद्दल: तिच्याकडे लाडवांचा धंदा होता, पुण्यातल्या पुण्यात चालणारा. नवरा त्याला काम समजत नव्हता, पण पैसे तिचे होते. मला नेहमी वाटतं की इंग्रजी शिकण्याचा निर्णय त्या पैशांतून आला.

ॲड_मंजिरी (रविवार, रात्री ९:१०)

कोर्टाचा भाग सिनेमाने बराच सैल घेतलाय, म्हणून थोडं कायद्याचं. कुणाला उपयोगी पडेल.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३ब आलं, परस्पर संमतीने घटस्फोट. त्याची अट अशी की अर्ज करण्याआधी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आमचं ठरलेलंच आहे. शिवाय कलम १४ म्हणतं की लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा अर्जच करता येत नाही, फार मोठा त्रास असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन करता येतो. म्हणजे ते सहा महिने विचार करायला दिलेले असतात. 'जा, एका खोलीत राहून दाखवा' असा त्याचा अर्थ नाही. कौटुंबिक न्यायालयांनी समेटाचा प्रयत्न करावा असं १९८४ च्या कायद्यात आहे, तेवढा धागा पकडून पटकथेने सोय करून घेतली.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना माहीत नसते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका छताखाली राहूनही नवराबायको 'वेगळे' राहत असू शकतात, आणि संमती शेवटच्या तारखेपर्यंत टिकावी लागते, कुणालाही मध्येच माघार घेता येते. २०१७ साली न्यायालय म्हणाले की समेटाची शक्यता उरलेली नसेल तर ते सहा महिने माफ करता येतात.

विक्रांत यांच्या भीतीशी मी सहमत आहे. मारहाण असेल तर समेट घडवणं हे नातेवाइकांचं काम नव्हे. सिनेमा त्या एका फटक्यावरून फार लवकर पुढे जातो. संध्या माझी अशील असती तर मी तिला आधी विचारलं असतं, हे पहिल्यांदा झालं का?

उत्तरध्रुव (रविवार, रात्री ११:५०)

शर्यतीवरून राहवलं नाही. मी नऊ वर्षं फिनलंडमध्ये आहे. इथे सोंकायार्वी नावाच्या गावात दर उन्हाळ्यात खरोखर बायकोला उचलून धावायची जागतिक स्पर्धा होते, १९९२ पासून. अंतर २५३.५ मीटर, वाटेत दोन कोरडे अडथळे आणि एक मीटरभर खोल पाण्याचा खड्डा. बायकोचं वजन कमीत कमी ४९ किलो हवं. कमी भरलं तर तिच्या पाठीवर वजनाची पिशवी बांधतात.

आणि बक्षीस काय, तर बायकोच्या वजनाइतकी बिअर. तराजूच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला बिअर. मी एकदा मुद्दाम पाहायला गेलो होतो. बायको पातळ असली तर धावायला सोपं, भरलेली असली तर बक्षीस मोठं, आणि तराजूवर चढताना कुणीही बाई संकोचताना दिसली नाही. मला माझ्या मोठ्या ताईची आठवण आली. ती रेल्वे स्टेशनवरच्या वजनकाट्यावर कधीच चढायची नाही, आम्ही लहान भावंडं हट्ट करायचो तरी.

विक्रांत म्हणतात बायको पाठीवर बसून असते. जिंकणारे बहुतेक जण इथे ज्याला एस्टोनियन पद्धत म्हणतात तशी पळतात: बायको त्याच्या पाठीवर उलटी लटकते, पाय त्याच्या खांद्यांवरून पुढे, हातांची मिठी त्याच्या कमरेला. तिची पकड सुटली तर संपलं. पाण्यात तिचं डोकं खाली जातं. पाहताना सतत वाटतं, जास्त हिंमत तिला लागते. संध्याला शर्यतीत उतरताना काय वाटलं असेल त्याचा विचार करा. सगळ्या गावासमोर तिचं वजन हाच तमाशा होणार हे तिला माहीत होतं. जो नवरा तिच्याबरोबर चालायला लाजत होता त्याच्या पाठीवर ती त्याच गावासमोर चढली.

विक्रांत_के (सोमवार, सकाळी ९:४५)

हे असं मी पाहिलं नव्हतं. शेवटाबद्दलचं मत तसंच आहे, पण शर्यतीबद्दलचं मागे घेतो.

मंजिरीताई, तुम्ही जो प्रश्न विचारला असता तो आम्ही बहिणीला विचारलाच नाही. दोन्ही वेळा नाही.

मीनाक्षी_डोंबिवली (सोमवार, दुपारी १:३०)

मला जुन्या काळाबद्दल लिहायचंय. उमादेवी खत्री नावाच्या गायिका होत्या. १९४७ च्या 'दर्द'मध्ये नौशादसाहेबांकडे त्या गायल्या आणि 'अफ़साना लिख रही हूँ' घराघरांत गेलं. आवाज असा की आजही अंगावर काटा येतो. १९५० च्या 'बाबुल'पासून त्या पडद्यावर आल्या आणि देशाने त्यांना टुणटुण म्हणून ओळखलं. पुढे कित्येक वर्षं त्या पडद्यावर आल्या की लोक आधी हसायचे आणि मग संवाद ऐकायचे. त्यांनी ते काम उत्तम केलं, त्यांच्या टायमिंगला तोड नव्हती, पण शाळेत जाड मुलीला चिडवायला त्यांचंच नाव वापरायचे. मला वापरलंय. ज्या बाईने ते गाणं गायलं तिचं नाव शिवीसारखं वापरलं जायचं आणि मला ते गाणं तिचं आहे हे वयाच्या पस्तिशीत कळलं.

म्हणून संध्याच्या भूमिकेत भूमी पेडणेकर आली तेव्हा मला फार बरं वाटलं. तिने त्या भूमिकेसाठी वजन वाढवलं होतं. आधी ती हा सिनेमा काढणाऱ्या यशराज फिल्म्समध्येच कलाकार निवडणाऱ्या विभागात काम करायची. पण सिनेमा गाजल्यावर मासिकांत, वेबसाइटवर मथळे कशाचे आले? तिने वजन कसं उतरवलं, काय खाल्लं, किती किलो गेलं. पडद्यावर संध्या बदलली नाही, पण बाहेर आम्हाला लगेच 'नंतरचा' फोटो हवा होता. तिने बारीक व्हावं की नाही हा तिचा प्रश्न, मला राग आहे तो आपल्या वाचण्याचा. मीही ते सगळे लेख वाचले. वाचून दोन महिने रात्रीचं जेवण सोडलं.

मराठीत सचिन कुंडलकरांचा 'वजनदार' २०१६ ला आला. पाचगणीतल्या दोघी, सई ताम्हणकर आणि प्रिया बापट. तो या विषयाला जास्त सरळ भिडतो. त्यावर वेगळा धागा हवा.

शाळाबाई (सोमवार, रात्री १०:०५)

पूर्ण धागा वाचला. सगळेच मनापासून लिहिताय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे संध्याचं बी.एड. मला वेगळं दिसतं.

गंधाली, तू लिहिलंस तिला स्वतःची किंमत माहीत होती. मराठीत हा शब्द फसवा आहे बघ. बाजारात मेथीच्या जुडीलाही किंमत असते. प्रेमच्या घरच्यांनाही संध्याची किंमत माहीत होती, अगदी रुपयांत. जाड सून चालेल, कारण महिन्याला पगार येईल. आमच्या वेळी हुंड्याचं तोंडाने कुणी बोलत नसे. 'मुलगी डी.एड. आहे ना, मग काही नको' असं म्हणायचे. सासरच्यांना वाटायचं आपण केवढे पुरोगामी. एकरकमी हुंड्याऐवजी हप्त्याने, निवृत्तीपर्यंत.

माझा पगार पहिली चार वर्षं सासऱ्यांच्या हातात गेला. त्या वेळी पगार रोख मिळायचा. मी सही करायची, ते शाळेच्या फाटकाशी उभे असायचे. चांगले होते ते, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. बसच्या पासाचे पैसे मागितले की लगेच द्यायचे. पण मागावे लागायचे. पाचव्या वर्षी एका मुलीने वर्गात विचारलं, "बाई, तुमची चप्पल तुटलीय, नवीन का नाही घेत?" सातवीतली पोर. त्या महिन्यात मी मधल्या सुट्टीत बँकेत जाऊन माझ्या नावाचं खातं काढलं आणि घरी येऊन सांगितलं की आता पैसे तिथे जमा होतील, घरखर्चाला अर्धे देईन. पंधरा दिवस घरात अबोला होता. चप्पल मी दुसऱ्याच दिवशी घेतली, बाटाची.

तेव्हा पदवीने आपोआप काही होत नाही. संध्याची पदवी तिच्या सासरच्यांनी मोलाने घेतली होती. तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, दुसऱ्या गावची नोकरी स्वतः ठरवून. मला सिनेमात तो क्षण सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्याला ना गाणं आहे ना टाळी.

गंधाली (सोमवार, रात्री १०:५०)

बाई, किंमत हा शब्द मी फारच सहज वापरला. तुमचं वाचून शीर्षकाखालचा सगळा लेख पुन्हा लिहावासा वाटतोय.

सावली (मंगळवार, रात्री १२:४०)

नमस्कार. मी वाचनमात्र असते, पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी २४ वर्षांची आहे, अमरावती जिल्ह्यातली. डी.एल.एड. झालं आहे. तीन महिन्यांपूर्वी लग्न जमलं, साखरपुडा झाला. मुलगा चांगला आहे, म्हणजे बोलायला चांगला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या आईचा माझ्या आईला फोन आला की लग्नापर्यंत दहा किलो कमी झालं तर फोटो चांगले येतील, लोक नावं ठेवणार नाहीत. आईने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशीपासून सकाळी गरम पाणी आणि लिंबू.

मला त्याचं इतकं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की त्याला हे माहीत आहे का हे मी त्याला विचारू शकले नाही. रोज एक तास फोनवर बोलतो आम्ही. काल हा धागा वाचला आणि मग लपून मोबाईलवर सिनेमा पाहिला. मित्राच्या लग्नातला तो प्रसंग आला तेव्हा फोन बंद केला. पुढचं आज पाहिलं.

प्रश्न असा आहे की विचारायचं कसं? भांडण न होता.

टेपवाला (मंगळवार, सकाळी ६:५०)

पोरी, सरळ विचार. "तुमच्या आईंचा असा फोन आला होता, तुम्हाला माहीत होतं का?" एवढंच. पुढे काही जोडू नकोस आणि तो बोलेपर्यंत थांब. गप्प बसला तर तू बोलून ती जागा भरू नकोस. आम्ही पुरुष गप्प बसून वेळ मारून नेतो आणि बायका ती शांतता भरून काढतात.

ॲड_मंजिरी (मंगळवार, सकाळी १०:१५)

सावली, काकांनी सांगितलं तेच. साखरपुडा झाला म्हणजे कायद्याने तू कशालाही बांधली गेलेली नाहीस, एवढं लक्षात ठेव. आणि विचारताना घरात एकटी असू नकोस, जवळ कुणीतरी आपलं असू दे.

अश्विनी_नाशिक (मंगळवार, सकाळी ११:००)

सावली, दुपारी नीट जेव. बाकीचं नंतर.

विक्रांत_के (मंगळवार, दुपारी २:१०)

मी एक भाऊ म्हणून सांगतो. घरात असा कुणी असेल, भाऊ, काका, मामा, ज्याला तू हे सांगू शकशील, तर त्याला आधी सांग. त्याने समजूत घालायला सुरुवात केली तर त्याला हा धागा वाचायला दे.

सावली (शनिवार, रात्री ९:३०)

विचारलं. गुरुवारी. काकांनी सांगितलं तसंच, एकच वाक्य.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. मोबाईलवर बघत होते, एक मिनिट चाळीस सेकंद. मग म्हणाला, "हो, मला माहीत होतं." मग म्हणाला, "आईचं तसं काही वाईट मनात नाही." मी म्हटलं, "मी तुमच्या मनाचं विचारतेय." त्यावर म्हणाला, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

काल मी आईला गरम पाण्याचं नको म्हणून सांगितलं. आई रडली. मग तिने पोहे केले आणि आम्ही दोघी एकाच ताटात खाल्ले. बाबांना अजून माहीत नाही.

लग्नाचं काय होईल मला आज सांगता येत नाही. पण एक ठरवलं. लग्नाच्या गडबडीत या वर्षी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) फॉर्म भरायचा नाही असं घरात ठरलं होतं. तो मी भरणार आहे. पहिल्या पेपरचा अभ्यास वर्षभरात सगळा विसरलेय, कुठून सुरुवात करू कळत नाही. शाळाबाई, तुम्ही सांगाल का?

शाळाबाई (शनिवार, रात्री ९:५५)

सांगते की. पेपर एक १५० गुणांचा. बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. तू आधी बालमानसशास्त्र धर, ते पाठांतराने येत नाही, समजून घ्यावं लागतं, आणि ते पक्कं झालं की बाकीच्यांना हिंमत येते. गणिताला रोज पाऊण तास, सकाळी, डोकं ताजं असताना. परिसर अभ्यासाला तिसरी ते पाचवीची शालेय पुस्तकं घे, जाड गाईड नको. माझ्या हस्ताक्षरातल्या नोट्स आहेत, माझ्या सुनेने त्यावरच दिली होती परीक्षा. व्यक्तिगत निरोप करून पत्ता कळव, सोमवारी पोस्टाने पाठवते.